कंप सारखाच, मग बाकीच्या तक्रारी इतक्या वेगळ्या का?

गोदाकाठ: इंदिरानगरला पार्किन्सनच्या दोन आजोबांची देखभाल बघतो. दोघांना सिंडोपा ११० (डोपामीन भरून काढणारी गोळी), दिवसातून तीनदा. कंपही जवळपास सारखाच. पण एकांना बद्धकोष्ठता, उठलं की चक्कर, आणि वास तर कित्येक वर्षं येत नाही. दुसऱ्यांचं पोट उत्तम, पण दुपारी चारच्या सुमारास जीव घाबरतो, घाम फुटतो. कुणाची तरी गोळी चुकतेय का?

नर्स_पंचवटी: लगेच गोळीवर जाऊ नका. कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली या मुख्यतः डोपामीन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्याने. पण या आजारात नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन, ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनांच्या पेशीही जातात, आतड्याचे आणि हृदयाकडचे मज्जातंतूही बिघडतात. कुठली जागा आधी आणि किती बिघडली, त्यावर तक्रारी ठरतात. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं-लाथा झाडणं हे काहींना कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं, काहींना होतच नाही. सिंडोपाने वास परत येत नाही. त्या घरात गॅस गळतीचा अलार्म बसवा.

दुसऱ्या आजोबांसाठी चार दिवस वही ठेवा: गोळीची वेळ, जेवणाची वेळ, घबराट कधी सुरू झाली, पुढच्या गोळीनंतर किती वेळाने ओसरली. गोळी एकला आणि पुढची सातला असेल, तर चारला असर उतरत असू शकतो. तसं निघालं तर नुसती चिंतेची गोळी देऊन भागत नाही, डोसच्या वेळा बदलाव्या लागतात. तेही डॉक्टरांनीच.

फिजिओ_नाशिकरोड: चक्कर अंदाजाने ठरवू नका, मोजा. ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर उभं राहताना बीपी पडतंय. बसवून घेतलेल्या एकाच बीपीत हे सुटतं, आणि वहीत 'नॉर्मल' लिहिलं जातं. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि गोळीनंतर तासाभराने, अशा तिन्ही वेळा घ्या.

उठवताना आधी पलंगाच्या कडेला २ मिनिटं बसवा, घोटे हलवून घ्या, मग उभं करा. पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर ६ ते ९ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर मान वाकते, उपयोग होत नाही. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनरांगेत तासन्‌तास उभं करणं तर नकोच. मीठ वाढवायचं असेल तर आधी हृदय-किडनीचं विचारून.

केमिस्ट_सिडको: बाकीच्या गोळ्याही बघा. प्रोस्टेटच्या काही गोळ्या आणि जुनी बीपीची गोळी, दोन्हींनी बीपी आणखी पडतं. पॅसिटेन (कंपासाठीची दुसरी गोळी) चालू असेल तर बद्धकोष्ठता वाढते, वयस्कांना भ्रमही होतो. इसबगोल १ चमचा द्या, पण पेलाभर पाण्यासोबत. पाणी कमी पडलं तर तोच गोळा आत अडकतो. सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास. मटकीची मिसळ किंवा पनीर असं प्रथिनांचं खाणं सोबत असेल तर असर उशिरा येतो किंवा कमी पडतो. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नका, त्याने आजार बिघडतो. आणि सिंडोपा अचानक बंद करायची नाही.

गोदाकाठ: पहिल्या आजोबांचं आज सकाळी झोपून १४२/८४, ३ मिनिटांनी उभं १११/७०. प्रोस्टेटची गोळी रात्री चालू आहे.

फिजिओ_नाशिकरोड: वरचा आकडा ३१ ने उतरलाय. उद्या घेताना नाडीही लिहा. बीपी इतकं उतरूनही नाडी १५ पेक्षा कमी वाढली, तर बीपी सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा दोष असण्याची शक्यता जास्त. भरपूर वाढली तर पाणी कमी पडतंय का, ते आधी बघा. दोन्ही आकडे आणि प्रोस्टेटच्या गोळीचं पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा.