मदत हवी आहे : मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी, त्यात तोलही जातोय

मंडळी नमस्कार, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मुलगा दुसरीत आहे. दिवाळीनंतर शाळेतून सारखी तक्रार, लक्ष नसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. आम्हीपण घरी ओरडलो त्याला, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस श्रुतलेखनाची वही उघडली तर 'फणस'चं 'पणस', 'साखर'चं 'आखर', आणि तेच शब्द फळ्यावरून उतरवलेले सगळे बरोबर! तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

ईएनटीकडे नेलं, दोन्ही पडद्यांमागे पाणी निघालं. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याची तपासणी) ३० डेसिबलच्या आसपास, म्हणजे थोडं कमी ऐकू येतं, आणि टिंपॅनोमेट्रीचा (पडदा किती हलतो ते बघतात) ग्राफ सपाट, म्हणजे पडदा नीट हलत नाही. नस ठीक आहे म्हणाले, पण त्या चिकट पाण्यामुळे हातोडी, ऐरण, रिकीब ही हाडं मोकळी हलत नाहीत. ३ महिने वाट बघू, नाहीच ओसरलं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची इवली नळी. इथवर कळलं.

पण बागेच्या कठड्यावरून पळणारं पोर आता हात मागतं हो, आणि रात्री लाईट गेले की भिंत धरून चालतं. पाणी मधल्या कानात, तोलाच्या नळ्या आतल्या कानात, मग यांचा संबंध काय? त्यात एक क्लासवाल्या बाई म्हणतात झोक्यावर गोल फिरवायचे सेशन लावा, तोल सुधारला की वाचन आपोआप सुधारतं, महिना ६ हजार. मला हे अतीच वाटतंय. कुणाला अनुभव?

प्रतिसाद १ : ताई, मी ऑडिओलॉजीतच काम करते. संबंध आहे. मधल्या आणि आतल्या कानाच्या मध्ये दोन इवल्या खिडक्या असतात, अलीकडे पाणी साचून दाब बदलला की पलीकडेही त्याचा त्रास होतो असं मानतात. बऱ्याच मुलांचा तोल पाणी गेल्यावर सुधारतो. पण गरगरतंय म्हणाला, उलट्या झाल्या तर ३ महिने थांबू नका, लगेच दाखवा.

झोक्याचं म्हणाल तर, डोकं हललं तरी नजर जागेवर धरून ठेवायचं काम त्या नळ्या करतात, फळा-वही-फळा करताना त्या लागतातच. पण म्हणून गोल फिरवून वाचन येतं याला भक्कम पुरावा नाही, ६ हजार ठेवा जवळ. उलट त्याला पुढच्या बाकावर बसवा, फॅनच्या घरघरीपासून लांब, आणि शाळेतल्या बाईंना सांगा श्रुतलेखन वर्गात फिरत नको, त्याच्याकडे तोंड करून घ्या. हे पाणी कमीजास्त होतं त्यामुळे एखाद्या दिवशी पोर छान ऐकतं आणि सगळ्यांना वाटतं मुद्दाम करतंय. रात्री घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो? मग नाकामागची ग्रंथी, म्हणजे अ‍ॅडेनॉइडही तपासून घ्या.

धागाकर्ती : अहो घोरतो!! आम्ही हसायचो, आजोबांवर गेलाय म्हणून. आणि बाक बरोब्बर फॅनखाली आहे त्याचा. उद्या आधी शाळेत जाते, मग डॉक्टरांची वेळ घेते.