बाजारप्रवेश, क्षमता आणि कामगिरी : मॉडेल जुळत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट)

टंगळमंगळ :
प्रबंधाचं विश्लेषणाचं प्रकरण अडकलंय. बाजारात आधी उतरणाऱ्या कंपनीची कामगिरी सरस, हे गृहीतक. मॉडेलात अस्थिरता (बाजार-तंत्रज्ञानातली उलथापालथ) घातली की परिणामाचं चिन्हच उलटं होतंय, अधिकचं उणे. गाइड म्हणतात कंपन्यांच्या क्षमता बघ. त्या तर घेतल्यात! उद्या दाखवायचंय, लवकर सुचवा प्लीज.

सांजवेळ :
कामगिरी म्हणजे काय मोजलंय? नफा, हिस्सा की नुसतं टिकणं? आणि अस्थिरता कसली? ग्राहकांची आवड बदलणं वेगळं, तंत्रज्ञान बदलणं वेगळं. जॉवर्स्की-कोहली या मार्केटिंगच्या संशोधकांनी १९९३ मध्येच दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

टंगळमंगळ :
बाजारहिस्सा. अस्थिरतेची सरासरी काढून एकच आकडा केलाय.

खडूस_काका :
आधी उतरण्याचा फायदा हेच थोतांड. अ‍ॅपलचं न्यूटन हे हातात मावणारं संगणकयंत्र १९९३ ला आलं नि आपटलं. तसलाच पाम पायलट १९९६ ला येऊन बाजी मारून गेला.

सांजवेळ :
काका, मग त्या पामचं पुढे काय झालं? सुआरेझ-लान्झोला हे संशोधक म्हणतात ते जास्त पटतं : बाजार आणि तंत्रज्ञान दोन्ही संथ असतील तर पहिल्याला बस्तान बसवायला वेळ मिळतो. दोन्ही सुसाट असतील तर आघाडी टिकवणं सगळ्यात अवघड. म्हणून ती सरासरी आधी मोडा.

निवांत :
धंदा सुरू करताय तर भागीदारीचा करार लेखी करा. तोंडी अजिबात नको.

टंगळमंगळ :
मला धंदा काढायचा नाहीये हो :(

आकडेमोड :
नमुन्यात बंद पडलेल्या कंपन्या आहेत का? गोल्डर-टेलिस या संशोधकांनी १९९३ मध्ये त्याही धरल्या, तर ४७ टक्के अग्रदूत (पहिले उतरणारे) अपयशी निघाले. आणि क्षमता कंट्रोल म्हणून (नुसता वेगळा घटक) घातल्यात की प्रवेशाशी गुणाकारात? टीस आणि सहसंशोधकांची डायनॅमिक केपेबिलिटी ही संकल्पना म्हणजे बदल हेरून संसाधनांची फेरजुळणी करणं. तिच्यामुळे लवकर उतरण्याचा परिणामच कमीजास्त होत असेल, तर कंट्रोलमध्ये तो दिसणारच नाही.

खडूस_काका :
आकड्यांनी कुणाला धंदा कळलाय?

आकडेमोड :
त्यांना प्रबंध द्यायचाय, काका.

टंगळमंगळ :
प्रश्नावली चालू कंपन्यांनाच गेली. क्षमता कंट्रोलमध्येच आहेत. प्रवेश, क्षमता, अस्थिरता असा तिहेरी गुणाकार घालू? नमुना जेमतेम शंभरेक.

आकडेमोड :
एवढ्यात तिहेरी झेपणार नाही. प्रवेश गुणिले क्षमता आधी चालवा. मग प्रवेश गुणिले तंत्रज्ञानाची अस्थिरता, वेगळ्या मॉडेलात. बंद कंपन्या नाहीत हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा. आणि प्रवेश मोजलाय कसा? वर्षांत, की पहिला आणि नंतरचे असे दोनच गट? हे अजून सांगितलंच नाहीत.