पुनर्नोंदणीपूर्वी इंजिनाच्या बिघाडाचा कोड पुसावा का?

प्रश्न (जळगाव): माझ्या पेट्रोल गाडीला १५ वर्षे होत असून पुनर्नोंदणीसाठी आरटीओची तपासणी आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा भाग) हीटरच्या बिघाडाचा पी ०१३५ कोड येतो. तो पुसून गाडी न्यावी का?

उत्तर (धुळे): कोड पुसल्याने बिघाड जात नाही, गार इंजिन सुरू झाल्यावर गाडीतला संगणक हीटरची पुन्हा चाचणी घेतो आणि दिवा परत लागतो. आधी फ्यूज पाहावा, मग कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा, कारण पुष्कळदा एक्झॉस्टला टेकून वायरच वितळलेली असते आणि लोक उगाच नवा सेन्सर घेतात.

उत्तर (अमळनेर): सहमत. पीयूसीचे यंत्र कोड वाचत नाही, धुरातले कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. कोड घालवायला बॅटरीची तार काढण्याचा गॅरेजवाल्यांचा तोडगाही टाळावा. संगणकाने जुळवून ठेवलेले इंधनाचे प्रमाण पुसले जाऊन गाडी काही काळ ओबडधोबड चालू शकते.

प्रश्नकर्ता: फ्यूज शाबूत आहे. उद्या वायर तपासतो.