मदत हवी आहे: पाच वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पमधून क्लासिक रॉकचा आवाज निघतच नाहीये

सहावी तार | सोमवार, रात्री ११:४२
मंडळी, लवकर मदत हवी आहे. पंधरा दिवसांपूर्वी छोटा ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घेतला, वापरलेला. पाच वॅट, एकच नॉब. क्लासिक रॉकसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही असं जो तो सांगत होता. माझ्याकडे तो आवाज येतच नाही. हळू ठेवला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, वाढवला की नुसता चिखल. कॉर्ड वाजवली तर सहा तारा कळत नाहीत, एक गोळा येतो. मला सत्तरच्या दशकातला ब्रिटिश क्रंच हवाय, कॉर्ड फुटते पण आतली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते तो. ट्यूब बदलू का? कोणती? शनिवारी मित्रांबरोबर वाजवायचं आहे, त्याआधी सांगा.

निळा सूर | सोमवार, रात्री ११:५८
कोणती पॉवर ट्यूब (स्पीकरला जोर देणारी) आहे ते तर सांगा. ६व्ही६ असेल तर प्रश्नच नाही. ईएल८४ असेल तर तुमचं दुखणं तिथेच आहे. छोट्या अ‍ॅम्पचा राजा फेंडर चॅम्प, आणि त्यात एकच ६व्ही६. १९७० मध्ये डेरेक अँड द डॉमिनोजच्या रेकॉर्डिंगला एरिक क्लॅप्टन यांनी तोच इवलासा चॅम्प वापरला होता. माझ्याकडे त्याच सर्किटचा एक आहे, बारा वर्षं वाजवतोय, कधी दुसऱ्या अ‍ॅम्पची आठवण झाली नाही.

सोल्डरवाला | मंगळवार, सकाळी ७:१०
ट्यूबवर नंतर येऊ. धागाकर्ते, आधी हे सांगा: गिटार कोणती, पिकअप (तारांची थरथर पकडणारा भाग) दोन वेटोळ्यांचा हंबकर की एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल, त्यातला कोणता वापरता, मध्ये पेडल आहे का, स्पीकर किती इंची, आणि नॉब किती वर असताना चिखल होतो? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८:३१
या सगळ्या कटकटीतून गेलो आहे. ट्यूब अ‍ॅम्प विकून मॉडेलर घ्या, अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा. एका पेटीत पन्नास अ‍ॅम्प, हेडफोनवर रात्री दोनला वाजवा, कोणाची झोप मोडत नाही. शनिवारच्या आत प्रश्न सुटेल.

निळा सूर | मंगळवार, सकाळी ९:०२
बिनतारी, ते अ‍ॅम्प वाजवायला शिकू पाहतायत आणि तुम्ही विकायला सांगताय. मॉडेलर चांगले असतात, मान्य. पण नखाने तार हळू छेडली की स्वच्छ आणि जोरात मारली की फुटणारा आवाज बोटांना जे शिकवतो, ते शिकण्यासाठीच माणूस एका नॉबचा अ‍ॅम्प घेतो.

बिनतारी | मंगळवार, सकाळी ९:२०
आजचे मॉडेलरही बोटांना तसाच प्रतिसाद देतात. दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर बोलू नका.

खर्ज | मंगळवार, सकाळी १०:१५
तारा कोणत्या लावल्यात? बहुतेकांचा चिखल तारांमधूनच येतो. ०.००९ इंची असतील तर काढा आणि ०.०१० चा संच लावून अर्धा सूर खाली मिळवा. ताण साधारण पहिल्याइतकाच राहतो आणि खालच्या तारेला अंग येतं. मी बेस वाजवतो, पण हे गिटारलाही लागू आहे.

सहावी तार | मंगळवार, दुपारी १:३४
तारांबद्दल विचारलं नव्हतं हो. नव्या आहेत.
सोल्डरवाला: ईएल८४ एक, आणि तिच्याआधी सिग्नल वाढवणारी छोटी १२एएक्स७ एक. स्पीकर आठ इंची, आतलाच. गिटारला दोन हंबकर, मी मानेकडचा वापरतो कारण तो जाडजूड वाजतो. पेडल अर्थातच आहे, डिस्टॉर्शन, गेन पूर्ण, बेसही बराच वर. अ‍ॅम्पचा नॉब ३ वर. गिटारचे नॉब नेहमी १० वर, त्यांना मी हात लावत नाही. रात्री घरचे झोपले की अ‍ॅम्पच्या स्पीकरची वायर काढून ठेवतो आणि पेडलच्या हेडफोन जॅकवर ऐकतो. ट्यूब गरम राहाव्यात म्हणून अ‍ॅम्प चालूच असतो. आता सांगा ट्यूब कोणती घेऊ.

सोल्डरवाला | मंगळवार, दुपारी १:४१
थांबा. स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प चालवणं आजपासून बंद. पेडलचं आउटपुट अ‍ॅम्पला जोडलेलंच असतं ना? म्हणजे तुम्ही वाजवलेला प्रत्येक सूर आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातोय आणि पुढे त्याला वाटच नाही. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या वेटोळ्यात व्होल्टेज भलतंच उसळतं. ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते, नाहीतर वेटोळ्याचं इन्सुलेशन जळतं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकर नसला तर चालतं, ट्यूब अ‍ॅम्पला चालत नाही. जोडायचा तो स्पीकरही अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या ओहमचाच जोडा. आवाज पूर्वीसारखा येतोय ना, ते आधी सांगा.

सहावी तार | मंगळवार, दुपारी १:५५
बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. येतोय आवाज, पूर्वीइतकाच. दोन-तीन वेळाच केलं होतं. यापुढे नाही करणार.

निळा सूर | मंगळवार, दुपारी २:२०
वाचलात. पण मी म्हटलं तसंच निघालं, ईएल८४.

सोल्डरवाला | मंगळवार, दुपारी २:५२
निळा सूर, असहमत. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात आणि क्वीनच्या ब्रायन मे यांनी सगळी कारकीर्द त्या अ‍ॅम्पवर उभी केली. पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं पेडल), अ‍ॅम्प जवळजवळ पूर्ण उघडा, बाकी सगळं काम गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर. क्लासिक रॉक म्हणायचं नाही तर त्याला काय म्हणायचं? आणि ब्रिटिश आवाज म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो मार्शलचा १९६२ चा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम४५, फेंडरच्या बेसमन सर्किटवरून बनवलेला आहे. ट्यूबच्या नावावरून देश आणि जमाना ठरवू नये.

धागाकर्ते, तुमची ट्यूब चांगली आहे, तिला कामच मिळत नाहीये. ३ वर ती आरामात बसलेली असते. फुटतंय ते पेडल, आणि तेही मानेकडच्या हंबकरचा सगळा खर्ज घेऊन. तो चिखल एका आठ इंची स्पीकरमध्ये ओतला तर गोळाच बाहेर येणार. आज हे करून बघा. पेडल काढा, केबल सरळ अ‍ॅम्पमध्ये. ब्रिजकडचा पिकअप. गिटार १० वर ठेवून अ‍ॅम्पचा नॉब हळूहळू वर न्या, ए कॉर्ड जिथे कडा सोडायला लागेल तिथे थांबा, बहुधा ६ ते ८ च्या मध्ये. मग अ‍ॅम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणा आणि तीच कॉर्ड वाजवा.

निळा सूर | मंगळवार, दुपारी ३:३०
एसी३० चं मान्य. पण चॅम्पमध्ये रेक्टिफायरही (एसी वीज डीसी करणारा भाग) ट्यूबचाच असतो, त्यामुळे जोरात वाजवलं की व्होल्टेज दबतं आणि सूर फुगून येतो. तो दाब या नव्या डायोडवाल्या अ‍ॅम्पमध्ये कुठून येणार?

सोल्डरवाला | मंगळवार, दुपारी ४:०५
एका पॉवर ट्यूबचा क्लास ए अ‍ॅम्प वाजवा किंवा वाजवू नका, जवळपास तेवढाच करंट ओढतो. त्यामुळे रेक्टिफायर दबायला फारशी जागाच नसते. तुम्हाला बोटाखाली जो दाब जाणवतो तो खरा आहे, पण तो पॉवर ट्यूबचा स्वतःचा. रेक्टिफायरचा दाब दोन किंवा चार पॉवर ट्यूबच्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ऐका.

निळा सूर | मंगळवार, दुपारी ४:१८
बारा वर्षांचा कान आहे माझा. पण डायोड टाकून कधी तुलना केलेली नाही, हे खरं. करून बघतो.

नवशिक्या०७ | मंगळवार, संध्याकाळी ६:४०
याच धाग्यात विचारतो, राग नको. माझाही पाच वॅटचाच आहे. सतत हम्म येतो. ट्यूब गेली का?

खर्ज | मंगळवार, संध्याकाळी ७:०३
नवशिक्या, वेगळा धागा काढा ना. तरी सांगतो, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून बघा. हम्म गेला तर तो पिकअपमधून येतोय. सिंगल कॉइल आसपासचे ट्रान्सफॉर्मर पकडतेच, गिटार हातात घेऊन जागेवर थोडं वळलात की कमीजास्त होईल.

सोल्डरवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:२५
आणि शून्यावरही राहिला तर दोन गोष्टी. वीज ५० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटर (पुरवठ्याची वीज सपाट करणारे) थकल्यावर येणारा हम्म बहुतेक अ‍ॅम्पमध्ये १०० हर्ट्झचा असतो, जरा वरच्या सुराचा. दुसरं म्हणजे, दोन पॉवर ट्यूब समोरासमोर असल्या की पुरवठ्यातला हम्म ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतो. एका ट्यूबच्या अ‍ॅम्पला ती सोय नाही, त्यामुळे थोडा हम्म राहतोच. वाजवताना ऐकू येत नसेल तर सोडून द्या. कपॅसिटर बदलायचे तर जाणकाराकडून. प्लग काढल्यावरही त्यांच्यात जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं.

सहावी तार | मंगळवार, रात्री ९:१२
केलं. ७ वर. मंडळी, कसं सांगू. पहिल्यांदा ए कॉर्ड फुटली आणि तरी वरची ई तार वेगळी कळली. मग गिटार ६ वर आणली आणि तोच अ‍ॅम्प स्वच्छ झाला, नखाचा टिचका ऐकू येईल इतका. नॉब ६ वरून ८ वर नेताना आवाज मोठा होत नाही, दाटतो. इतकी वर्षं तो नॉब गिटारवर होता आणि मी त्याला हात लावला नव्हता.
पण दोन अडचणी. एक, आवाज भयंकर मोठा आहे, दहा मिनिटांत दार वाजलं. पाच वॅट म्हणजे लहान ना? दोन, गिटार ६ वर आणली की चमक जाते.

खर्ज | मंगळवार, रात्री ९:३०
अ‍ॅम्पवर जाड गोधडी टाका, मी तेच करतो.

सोल्डरवाला | मंगळवार, रात्री ९:३८
गोधडी अजिबात टाकू नका, उष्णता कोंडते. खर्ज, तुमचा ट्रान्झिस्टरचा असेल, पण ट्यूब अ‍ॅम्पला हवा लागते.

पाच वॅट लहान नाही. गिटारचे बरेच स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबलच्या आसपास देतात. पाच वॅटला आणखी ७ मिळवा, झाले १०५. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प याच्यापेक्षा फक्त १० डेसिबल वर असतो आणि कानाला साधारण दुप्पट वाटतो, दहापट नाही. घरासाठी अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावा, अ‍ॅम्पच्या ओहमला जुळणारा. पॉवर ट्यूब फुटत राहते, स्पीकरला थोडीच वीज जाते. मास्टर व्हॉल्यूम बसवून तेच होईल असं कोणी सांगेल, पण नेहमीचा मास्टर पॉवर ट्यूबच्या आधी असतो, त्यामुळे तिच्यापर्यंत जोर पोचतच नाही.

चमक जाते कारण व्हॉल्यूम उतरवला की केबलची कपॅसिटन्स वरचे सूर जास्त खाते. लांब केबल असेल तर आखूड वापरा. तरी भागलं नाही तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर छोटा कपॅसिटर लावतात, ट्रेबल ब्लीड म्हणतात त्याला.

बिनतारी | मंगळवार, रात्री १०:०१
अ‍ॅटेन्युएटर, केबल, कपॅसिटर. मॉडेलरमध्ये यातलं काही लागत नाही, एवढंच नोंदवतो. पण तुम्हाला आवाज सापडला याचा खरंच आनंद आहे.

सहावी तार | बुधवार, रात्री ८:२६
आखूड केबलने बराच फरक पडला. आता नवीनच. डी वाजवला की मागून बारीक टिंग येते, काचेला नख लागल्यासारखी. पेडल असताना कधी ऐकू आली नव्हती.

सोल्डरवाला | बुधवार, रात्री ८:४४
अ‍ॅम्प चालू, नॉब ५ वर, गिटार शून्यावर. लाकडी पेन्सिल उलटी धरून मागून दोन्ही ट्यूबवर हलकेच टकटक करा. पेन्सिलच, बोट नको, काच तापलेली असते. स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे आतले भाग हलून तिचा मायक्रोफोन झालाय.

सहावी तार | बुधवार, रात्री ९:०३
मोठीला ठक, एवढंच. छोटीला हात लावला आणि अख्ख्या स्पीकरमधून टण्ण. परत केलं, परत टण्ण. पेन्सिल लांब नेल्यावरही क्षणभर घुमत राहते. शेवटी ट्यूब बदलायचीच निघाली. १२एएक्स७ च घेऊ ना?

निळा सूर | बुधवार, रात्री ९:३०
५७५१ बघा. १२एएक्स७ चा गेन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची ताकद) १००, हिचा ७०. अ‍ॅम्प थोडा उशिरा फुटतो आणि गिटारच्या नॉबला जास्त जागा मिळते. माझ्या चॅम्पमध्ये तीच आहे. तुमच्या ईएल८४ लाही चालेल.

सोल्डरवाला | बुधवार, रात्री ९:५५
याच्याशी पूर्ण सहमत. सरळ बसते, काही बदलावं लागत नाही. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, गार झाल्यावर बदला. पिना वाकवू नका.

सहावी तार | शुक्रवार, रात्री १०:४८
५७५१ बसवली. टिंग गेली. आता अ‍ॅम्प ८ वर, ब्रिज पिकअप, गिटार रिदमला ५ आणि सोलोला १०. पेडल घरीच राहणार. एकच विचारायचं राहिलं: उद्या ड्रम आहेत. आठ इंची स्पीकर पुरेल का?

खर्ज | शुक्रवार, रात्री ११:०५
ड्रमर कसा वाजवतो त्यावर आहे.

सोल्डरवाला | शुक्रवार, रात्री ११:१२
त्या खोलीत बारा इंची कॅबिनेट असेल तर ओहम बघून, अ‍ॅम्प बंद असताना जोडा. तोच अ‍ॅम्प ओळखू येणार नाही. नसेल तर अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, मागे थोडा कलता, कानाकडे तोंड करून. जमिनीवर ठेवाल तर तो तुमच्या गुडघ्यांनाच ऐकू येईल.