चढावर गाडीची ताकद एकाएकी जाते; टर्बो बदलण्यापूर्वी काय तपासावे?

मधलीओळ:
आमच्याकडे टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) असलेली, मॅन्युअल गिअरची सात आसनी डिझेल गाडी आहे. सपाट रस्त्यावर, एकदोन माणसे असताना ती व्यवस्थित चालते. मात्र घरची सगळी मंडळी आणि सामान घेऊन निघाल्यावर लांबचा चढ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबला, की थोड्याच वेळात पिकअप एकाएकी जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि त्यानंतर कितीही दाबले तरी इंजिनचे फेरे ३,००० च्या वर जात नाहीत. इंजिन बंद पडत नाही, धक्के देत नाही, तापमानाचा काटाही जागेवर असतो. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि पुन्हा सुरू केली, की ताकद परत येते, ती पुढच्या मोठ्या चढापर्यंत. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलूनही फरक पडलेला नाही. आता मेकॅनिकचे म्हणणे असे, की टर्बो कमजोर झाला असून तो बदलावा लागेल. एवढा खर्च करण्यापूर्वी त्यांचे निदान पडताळून पाहण्याचा काही मार्ग आहे का? तोवर गाडी वापरणे कितपत सुरक्षित आहे?

स्कॅनरबहाद्दर:
किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ताकद परत येते, ही तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. यावरून असे दिसते, की इंजिनच्या संगणकाला एखादे मोजमाप अपेक्षेबाहेर आढळले आणि त्याने इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम मर्यादित केली. यालाच लिम्प मोड म्हणतात. पुन्हा सुरू करताना ही मर्यादा बऱ्याच गाड्यांमध्ये तात्पुरती उठते. दोषाचा कोड मात्र संगणकाच्या स्मृतीत राहतो.

तेव्हा आधी तो कोड वाचून घ्या. डॅशबोर्डच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात साधा ओबीडी स्कॅनर लावून तो वाचता येतो. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही उतरवून घ्या, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी फेरे, वेग, इंजिनवरचा भार आणि कूलंटचे तापमान किती होते, ते कळेल. हे सारे लिहून घेईपर्यंत कोड पुसू देऊ नका, कारण कोडबरोबर ही नोंदही जाते. (गॅरेजमध्ये गाडी गेली की पहिले काम कोड पुसण्याचेच होते, असा अनुभव अनेकांना येतो.)

पी ०२९९ असेल तर टर्बोचा दाब कमी पडतो आहे, पी ०२३४ असेल तर तो मर्यादेपेक्षा जास्त होतो आहे, आणि पी ००८७ असेल तर कॉमन रेलमधील (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) डिझेलचा दाब अपुरा आहे. लक्षण तिन्ही वेळा एकच, पण दुरुस्तीच्या दिशा अगदी वेगळ्या. जास्त दाबाच्या कोडमध्ये टर्बोच्या हलत्या पात्यांवर काजळी बसून ती अडकल्याचा संशय घ्यावा लागतो. कमी दाबात हवेची गळती आधी शोधावी. रेलचा दाब कमी असेल, तर टर्बोकडे पाहण्याचेही कारण नाही.

पाना_तेरा:
वरील सल्ला योग्य आहे. दिवा लागतो म्हटल्यामुळे माझा क्लचवर संशय नाही. क्लच घसरत असता तर फेरे वाढले असते आणि वेग वाढला नसता, आणि इथे फेरेच अडतात. ब्रेक अडकत असेल तर प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. तेही एकदा पाहून घ्या.

वापराबद्दल सांगायचे तर, ताकद कधी जाईल याचा भरवसा नसताना दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करू नये. चढावर भरलेली गाडी न्यावीच लागली तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबण्याऐवजी आधीच खालचा गिअर टाकून सावकाश जावे. दिवा लुकलुकू लागला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी थांबवावी.

मधलीओळ:
दोघांचेही आभार. पी ०२९९ हा एकच कोड निघाला. फ्रीझ फ्रेममध्ये फेरे सुमारे २,४००, भार जवळजवळ पूर्ण आणि कूलंट ८९ अंश आहे. एका जाणकार मित्राने शेजारी बसून चालत्या गाडीत दाबाचे आकडे पाहिले. हलक्या वेगात अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब जवळजवळ सारखे असतात. चढावर मात्र संगणक २२० किलोपास्कल मागतो आणि प्रत्यक्षात १६५ च्या आसपासच मिळतात. त्याच वेळी बॉनेटकडून फुसफुस असा आवाज येतो, आणि आरशात धुराचा काळसर लोट दिसतो.

स्कॅनरबहाद्दर:
ही माहिती फार मोलाची आहे. हे आकडे निरपेक्ष दाबाचे असावेत, म्हणजे त्यांत वातावरणाचा सुमारे १०० किलोपास्कल दाब धरलेला आहे. खात्री करायची असेल तर इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवून आकडा पाहा. समुद्रसपाटीजवळ तो १०० च्या आसपास दिसला, तर सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. उंचावर तो थोडा कमी दिसणे स्वाभाविक आहे.

हलक्या भारावर आकडे जुळतात आणि दाब वाढल्यावरच फारकत होते, शिवाय आवाज आणि काळा धूर आहे. हे चित्र टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) यांच्यामधील पाइप फाटल्याचे किंवा त्याची क्लिप सैल झाल्याचे अधिक वाटते. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने मोजलेली हवा वाटेत गळाली, तर संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल देतो, पण सिलिंडरपर्यंत तेवढी हवा पोहोचत नाही आणि न जळलेल्या इंधनाची काजळी होते. डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत हा धूर सहसा दिसत नाही. ती काजळी फिल्टरमध्ये साठते आणि पुढे वेगळाच कोड देते.

इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे रबरी पाइप काढून, वाकवून, आतून-बाहेरून पाहा. चीर बहुधा वळणाच्या खालच्या अंगाला किंवा क्लिपच्या कडेला असते आणि गाडी उभी असताना मिटलेली राहते. बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला, तर तेथूनच हवा निघते असे समजा. पाइपांत धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी सहसा अगदी कमी दाबावर करतात, त्यामुळे ती निर्दोष आली म्हणून अशी चीर नाही असे मानू नका. पाइप ठीक निघाले तर टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तपासा आणि हातपंपाने व्हॅक्यूम देऊन त्याची, टर्बोची पाती हलवणारी दांडी अडखळत नाही ना, हे पाहा. हे सर्व झाल्यावरच टर्बोला दोष द्यावा.

हे काम लांबणीवर टाकू नये, असेही मला वाटते. गळालेली हवा भरून काढण्यासाठी संगणक टर्बोला अधिक वेगाने फिरवत राहतो, आणि मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या भागावर तो ताण दीर्घकाळ राहिला, तर आज चांगला असलेला टर्बो खरोखरच निकामी होऊ शकतो.

मधलीओळ:
इंटरकूलरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या वळणावर बोटभर लांबीची चीर सापडली. पाइप आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. त्याच चढावर, तितकीच माणसे घेऊन पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष दाब २१५ पर्यंत गेला, दिवा लागला नाही आणि आवाजही नाही. मात्र जुना पाइप काढताना आतून तेलकट निघाला. मेकॅनिक त्यावरून पुन्हा टर्बोचेच नाव घेत आहेत. यात काही तथ्य आहे का?

पाना_तेरा:
आतून तेलाचा पातळ थर असणे बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांमध्ये सामान्य आहे. क्रँककेसमधील (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या भागातील) वाफा टर्बोच्या आधी इनटेकमध्ये सोडलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर थोडे तेल येतेच. इंटरकूलरच्या तळाशी तेल साचलेले असेल, इंजिन ऑइलची पातळी घटत असेल किंवा निळसर धूर येत असेल, तर मात्र टर्बोच्या शाफ्टचा ढिलेपणा तपासून घ्यावा. साचलेले तेल इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर अनियंत्रितपणे पळू शकते, आणि किल्ली काढूनही थांबत नाही. पातळी आजच, गाडी सपाट जागी उभी करून, डिपस्टिकवर पाहून लिहून ठेवा आणि पुढचा लांबचा प्रवास झाला की पुन्हा पाहा.