टोबॅगोत पाच दिवस : आई पाण्यात उतरत नाही, मुलगा पाण्यातून निघत नाही. काय काय करावं?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. ईस्टरच्या सुट्टीत टोबॅगोला (कॅरिबियनमधलं त्रिनिदादचं जोडबेट) जायचं नक्की झालंय, तिकिटं काढून झाली. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेली माझी आई (वय ६६, शाकाहारी, गुडघे कुरकुरतात). आईला समुद्र काठावरून आवडतो, आत पाऊल टाकणार नाही म्हणते. मुलाला चोवीस तास पाणी हवं. मोठ्या रिसॉर्टमध्ये मनगटाला पट्टा बांधून पडून राहायचं नाही. कुठे राहावं, काय बघावं, आईने काय खावं? नेटवरच्या 'टॉप टेन' याद्या वाचून डोकं फिरलंय, म्हणून इथे विचारतेय.

परटवणे_ते_पॅटरसन

ताई, आईंना पाण्यात उतरवायची जबाबदारी नायलॉन पूलवर सोडा. स्टोअर बे किंवा पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या होड्या निघतात. आधी बुको रीफवर (समुद्रातल्या प्रवाळाच्या रांगेवर) नेतात, तळातून मासे दिसतात, आणि मग भर समुद्रात होडी थांबते. चहूकडे पाणी, किनारा लांब, आणि तुम्ही उतरता तर पाणी कंबरेएवढं! खाली पांढरी वाळू, लाटा नाहीत, कारण बाहेरचा रीफ त्या अडवतो. इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेटने हे पाणी नायलॉनच्या मोज्यांसारखं नितळ आहे म्हटलं, तेव्हापासून हे नाव पडलं असं तिथे सांगतात. इथे डुंबलं की माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो, हेही प्रत्येक नावाडी सांगतो. माझ्या सासूबाई आधी होडीला घट्ट धरून बसल्या होत्या. हे ऐकल्यावर पहिल्या उतरल्या.

दोन गोष्टी. होडीला मागे नीट शिडी आहे का, हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा, गुडघ्यांचा प्रश्न आहे. आणि प्लास्टिकचे बूट देऊन प्रवाळावर चालवणारा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा. बुको रीफ १९७३ पासून संरक्षित आहे, तरी पायांनी त्याची बरीच नासधूस झाली आहे.

फुकट_फौजदार

मुलाच्या बॅगेत लष्करी ठिपक्यांची चड्डी, टोपी असेल तर घरीच काढून ठेवा. त्रिनिदाद-टोबॅगोत सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालणं हा गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही. गंमत वाटते, पण विमानतळावर कपडे काढून घेतात.

गाडी डाव्या बाजूने चालवायची. भारतात शिकलेल्यांना दोन तासांत हात बसतो. गाडी मात्र घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आमच्याकडून एका गाडीवाल्याने जुन्या ओरखड्याचे पैसे उकळले, वर 'नो प्रॉब्लेम' म्हणून हसला.

डोंगरदरी

क्राउन पॉइंटला राहा असं सगळे सांगतील, विमानतळाला लागून आहे म्हणून. मी म्हणेन पाचपैकी निदान दोन रात्री कास्टाराला काढा. कोळ्यांचं गाव, छोटा वाळूचा उपसागर, संध्याकाळी जाळं ओढायला सगळा किनारा जमतो आणि उभ्या उभ्या पाहणाऱ्यालाही दोर हातात देतात. ठरावीक दिवशी मातीच्या भट्टीत पाव भाजतात, तो गरम असतानाच संपतो. आईंना पाण्यात न उतरता दिवस घालवायला हीच जागा.

तिथून पुढे इंग्लिशमन्स बेला जा. शार्लटव्हिलचा पायरट्स बे सुंदर आहे, पण दीडशेहून अधिक पायऱ्या उतरायच्या आणि मग चढायच्या. आईंना गावातल्या बाकावर बसवा, नाहीतर सोडून द्या.

डोंगरात मेन रिज नावाचं जंगल आहे. १७७६ साली ते राखीव केलं, ते पाऊस टिकावा म्हणून. त्या काळी साखरेच्या मळ्यांसाठी सगळीकडे झाडं तोडली जात असताना कुणीतरी पाऊस आणि झाडं यांचा संबंध लावला, याचं मला अजून नवल वाटतं. गिल्पिन ट्रेसची वाट सोपी आहे, पण चिखल असतो. तोंडाशीच रबरी बूट भाड्याने मिळतात, लाजू नका, घ्या. वाटाड्या बरोबर असेल तरच पक्षी दिसतात, नाहीतर नुसता हिरवा अंधार. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळात हे जंगल झोपलं होतं. आज बघून खरं वाटत नाही.

परटवणे_ते_पॅटरसन

@डोंगरदरी, नऊ वर्षांच्या पोराला घेऊन चिखलात? पाच दिवसांत दोनदा सामान बांधायचं? मी तरी नाही करणार. एक दिवस गाडीने फिरून या, रात्री पुन्हा क्राउन पॉइंट.

डोंगरदरी

रस्ते वळणावळणाचे आहेत, अंतर नकाशावर दिसतं त्याच्या दुप्पट वाटतं. एका दिवसात सगळं म्हणजे पोरगं मागच्या सीटवर उलट्या करणार. असो, प्रत्येकाची हौस.

वेळासची_लेक

मार्च ते ऑगस्ट तिथे लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, ते अजून कुणी कसं सांगितलं नाही? आमच्या वेळासला आपण पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघतो, ती ऑलिव्ह रिडलेची. ती मादी चाळीस-पन्नास किलोची. लेदरबॅक मादी तीनशे किलोच्या वर! रात्री ग्रेट कुर्लंड बे (त्याला टर्टल बीचच म्हणतात) किंवा स्टोनहेवनला स्थानिक स्वयंसेवकांबरोबरच जा. फक्त लाल दिवा, फ्लॅश नाही, अंडी घालायला लागेपर्यंत लांब थांबायचं. तासनतास वाट बघावी लागते आणि कधी येतही नाहीत. मुलाला दुपारी झोपवून ठेवा. ती वाळू उडवते तेव्हा जो दमलेला सुस्कारा ऐकू येतो, तो मी विसरले नाही.

सुगरण_नाही_मी

आईंच्या जेवणाचं सांगते. त्रिनिदादला १८४५ पासून गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले, म्हणून तिथे चणा-रोटी घरोघरी. टोबॅगोत भारतीय वंशाचे लोक कमी, तरी डबल्स मिळतात : दोन मऊ तळलेले बारे (पुरीसारखे), मध्ये चण्याची उसळ, वर चिंचेची चटणी. सकाळी लवकर, गाडीवर, उभ्याने. तिखट किती विचारतात, 'स्लाइट' म्हणा. तिथली मिरची आपल्या लवंगीला लाजवते. दालपुरीची रोटीही विचारा.

कॅलालू बघून आई म्हणतील हे तर अळूचं फदफदं! खरंच अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. पण त्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. नीरफणस (ब्रेडफ्रूट) उकडून, भाजून मिळतो, तोही कोकणातलाच सखा. स्टोअर बेच्या टपऱ्यांवर तुम्ही मांसाहारी असाल तर करीतला खेकडा आणि डंपलिंग खा, हात बरबटून.

भरतीओहोटी

एक धोका : किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं दिसली तर हात लावू नका, पावसात त्या झाडाखाली उभं राहू नका. मँचिनील, चीक अंग भाजतो. आणि आई तिथून भारतात परतणार असतील तर : भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असतील तर लसीचा दाखला मागतील. नाहीतर अडचण नाही. साठीनंतर ही लस घ्यावी का, ते डॉक्टरांना विचारा.

मीठभाकर

आई मे महिन्यात परतणार, सुटले! कास्टारा की क्राउन पॉइंट यावर घरात दोन तट पडलेत.

पोरगं_सांभाळणारा_बाबा

तुम्ही ईस्टरच्या मंगळवारी तिथे आहात का? असाल तर सगळं सोडून बुकोला बोकडांची शर्यत बघा. १९२५ पासून चालू आहे. जॉकी बोकडावर बसत नाही, दोर धरून अनवाणी मागे पळतो, आणि बोकडाच्या मनात आलं तर आडवाच जातो. खेकड्यांचीही शर्यत असते. माझा मुलगा डिस्नेलँड विसरला, हे विसरला नाही.

मीठभाकर

परत आलोय, म्हणून धागा वर काढतेय. तीन रात्री क्राउन पॉइंट, दोन कास्टारा. सामान दोनदा बांधलं, भांडण एकदाच झालं. कासव पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या रात्री पावणेबाराला. मुलगा तेव्हा माझ्या मांडीवर झोपलेला, उठवलं तर म्हणाला, "उद्या बघतो." नायलॉन पूलमध्ये आई उतरली. सलवार वर खोचून, एका हाताने नावाड्याचा हात धरून, पंधरा मिनिटं. आता म्हणते, तिथे कॅलालूत चिंच घालत नाहीत, म्हणून घसा खाजतो. कृती लिहून आणलीय, पाककृती विभागात टाकते.

सुगरण_नाही_मी

खेकड्याशिवायची ना?