उघडलेले वजा बंद पडलेले = विकास?

शून्यगोळा: दोन भौगोलिक विभागांची तुलना करायची आहे. दोन्हीकडे चालू व्यवसाय साधारण १०,०००. ‘अ’मध्ये वर्षभरात १,००० उघडले, ९५० बंद पडले. ‘ब’मध्ये २०० उघडले, १५० बंद. निव्वळ वाढ दोन्हीकडे ५०च. मग प्रगती सारखीच म्हणायची, की इतके धंदे बुडतात म्हणून ‘अ’ आजारी?

ताळेबंद: आजारी अजिबात नाही. वजाबाकीबरोबर बेरीजही करा. ‘अ’मध्ये १० + ९.५ = १९.५% घुसळण, ‘ब’मध्ये जेमतेम ३.५%. अर्थतज्ज्ञ शुंपीटर यांनी १९४२मध्ये मांडलेला ‘सर्जनशील विध्वंस’ (जुनं मोडून त्याजागी नवं उभं राहणं) तो हाच; ‘ब’मध्ये मात्र सगळं गोठलेलं असू शकतं.

पण आधी नोंदी चाळून घ्या, खरा घोळ तिथेच असतो. भागीदारीची कंपनी झाली किंवा मालक बदलला की बरेचदा जुना नोंदणी क्रमांक रद्द होऊन नवा मिळतो. कागदावर एक बंद, एक सुरू. प्रत्यक्षात तीच यंत्रं, तीच माणसं. पत्ता आणि कामगारांची यादी जुळवा. बहुतेक माणसं तीच असतील तर व्यवसाय चालूच धरा. अशा जोड्या काढल्यावर ‘अ’ची घुसळण बरीच उतरली तर नवल नाही.

मग नोकऱ्या मोजा. रोजगारातला बदल भागिले दोन्ही वर्षांच्या रोजगाराची सरासरी. ४०चे ६० झाले तर २०/५०, म्हणजे ४०%. नव्या व्यवसायात ०चे १२ झाले तर १२/६, म्हणजे २००%. बंद पडलेला −२००%. साध्या टक्केवारीत नव्याला शून्याने भागायची वेळ येते, म्हणून हा खटाटोप.

दूरची गणितं: एका वर्षाच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. फ्रिट्श आणि म्युलर या संशोधकांनी २००४मध्ये पश्चिम जर्मनीच्या विभागांवर हे तपासलं. नवे व्यवसाय आले की आधी रोजगार वाढतो. मग काही वर्षं उलटा परिणाम, कारण नवे आणि जुने एकमेकांचं गिऱ्हाईक ओढतात आणि दुबळे गळतात. स्पर्धेने बाकीचे सुधारतात त्याचं फळ आठव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक दिसतं, दहाव्यापर्यंत ओसरतं. एखाद्या योजनेचं मूल्यमापन चौथ्या वर्षी केलं की ती फसलेलीच वाटणार! किमान दहा वर्षांची मालिका हवी.

शून्यगोळा: म्हणजे बंद पडण्याची काळजीच नको?

कच्चामाल: काय बंद पडतंय ते बघा. केशकर्तनालय बंद झालं तर गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसतं, पैसा विभागातच राहतो. बाहेर माल विकणारा कारखाना बंद झाला तर बाहेरून येणारा पैसाच आटतो. मग वाहतूकदार, सुटे भाग बनवणारे, खानावळ अशी रांग लागते. अमेरिकेत यंग्सटाउनजवळच्या पोलाद कारखान्याची टाळेबंदी १९ सप्टेंबर १९७७ला जाहीर झाली आणि सुमारे ५,००० लोकांचा रोजगार गेला. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कामगारांवरचा १९९३चा अभ्यास सांगतो, की मोठ्या कपातीत नोकरी गेलेल्यांची कमाई पाच-सहा वर्षांनीही सुमारे २५% कमीच होती. बंद पडलेल्यांत हे दोन गट वेगळे काढा. कारखान्याच्या पुरवठादारांपैकी ज्यांची निम्मी विक्री एकट्या त्यालाच होते, ते पुढच्या वर्षीच्या ‘बंद’ यादीत शोधा. आणि त्यांच्या नोकऱ्या दोनदा मोजू नका. एकदा ‘अप्रत्यक्ष नुकसान’ म्हणून आणि पुन्हा त्यांच्या स्वतःच्या टाळेबंदीत, असं सर्रास होतं.